जनरल जे. एन. चौधरी: घोडदळातला माणूस हैदराबादचा कारभारी कसा झाला?

तुम्ही लिहिलंय की १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या भाषणांत ‘जनरल चौधरी’ एका वाक्यात येतात आणि पुढच्या वाक्यात गायब होतात. हा माणूस आधी कोण होता, रणगाडे घेऊन आलेल्याच्या हाती राज्य कसं सोपवलं, ते त्याला जमलं का, आणि नाशिकहून जाऊन पाहता येईल असं त्याच्याशी संबंधित काही आहे का, असे तुमचे चार प्रश्न आहेत. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं येवला-नांदगावकडे गेली, म्हणजे जुन्या निजामी हद्दीच्या कडेला. त्यामुळे माझा ओढा लढाईपेक्षा कारभाराकडे जास्त आहे. रणगाड्यांच्या गोष्टी हव्या असतील तर माझ्याकडे थोड्याच मिळतील.

जयंतनाथ चौधरी, जन्म १० जून १९०८, कलकत्ता. घर बंगाली भद्रलोकातलं आणि तेही चांगल्याच वरच्या थरातलं. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी हे त्यांचे आईकडचे आजोबा. शिक्षण कलकत्ता, लंडनचं हायगेट स्कूल, मग सँडहर्स्ट. १९२८ साली कमिशन मिळालं. मित्रमंडळीत आणि पुढे सगळ्या सैन्यात त्यांना ‘मुच्छू’ म्हणत.

त्या काळी सँडहर्स्टहून आलेल्या हिंदी अधिकाऱ्याला पहिलं वर्ष एखाद्या ब्रिटिश पलटणीत काढावं लागे. ते झाल्यावर चौधरी सातव्या लाइट कॅव्हलरीत गेले. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण त्यांच्या सगळ्या कारकिर्दीला ती पुरून उरते. १९२३ मध्ये इंग्रजांनी हिंदी अधिकाऱ्यांसाठी आठ पलटणी मुक्रर केल्या. हेतू उघड होता: हिंदी अधिकारी त्या आठांतच वर चढतील, म्हणजे इतर पलटणींतल्या गोऱ्यांना कधी त्यांच्या हाताखाली राहावं लागणार नाही. त्या आठांत घोडदळाच्या दोनच, सातवी आणि सोळावी. चौधरी सातवीत वाढले आणि महायुद्धात सोळावीचे कमांडर झाले. गोऱ्यांच्या सोयीसाठी आखलेल्या त्या अरुंद वाटेतूनच स्वतंत्र भारताचे बरेचसे सेनानी आले.

घोडदळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भाले आणि टापा येतात. चौधरींनी ते घोड्याचं घोडदळ पाहिलं. पण १९३० च्या दशकाच्या अखेरीला घोडे गेले आणि चिलखती गाड्या आल्या. दुसऱ्या महायुद्धात ते आधी पाचव्या इंडियन डिव्हिजनच्या मुख्यालयात होते: सुदान, एरिट्रिया, अॅबिसिनिया, मग लिबिया-इजिप्तचं वाळवंट. त्यानंतर क्वेट्याच्या स्टाफ कॉलेजात शिकवलं. १९४४ मध्ये सोळावी लाइट कॅव्हलरी हाती आली आणि १९४५ मध्ये तिच्या चिलखती गाड्या घेऊन ते ब्रह्मदेशात मेइक्तिला आणि रंगूनच्या मोहिमेत होते. युद्धाच्या खलित्यांत तीनदा नावाचा उल्लेख आणि ओबीई हा किताब, ही त्यांची युद्धातली कमाई. एखाद्या खंदकावर एकट्याने चालून जाण्याबद्दल मिळालेलं शौर्यपदक यात नाही. डोकं शांत ठेवून हजारो माणसं, गाड्या, पेट्रोल आणि पाणी ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचवणाऱ्या अधिकाऱ्याचे हे सन्मान आहेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच येतं. लोकांना वाटतं, सरदार पटेलांनी एका रणगाडेवाल्याला अचानक गादीवर बसवलं. तसं नाही. १९४६ मध्ये चौधरी ब्रिगेडियर झाले ते मलायात, आणि काम होतं प्रशासनाचं. जपानी नुकतेच गेलेले, सैन्य अजून जागेवर, धान्याची टंचाई. अशा देशात लष्कराचा कारभार कसा चालतो हे त्यांनी तिथे पाहिलं. त्याच वर्षी लंडनच्या विजय संचलनात हिंदी तुकडीचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. १९४७ च्या नोव्हेंबरात, काश्मीर पेटलेलं असताना, ते दिल्लीच्या मुख्यालयात लष्करी मोहिमा आणि गुप्तवार्ता खात्याचे संचालक झाले. मे १९४८ मध्ये पहिली आर्मर्ड डिव्हिजन, म्हणजे रणगाड्यांची फौज, त्यांच्याकडे आली. वय चाळिशीला टेकलेलं.

निजामाचं हैदराबाद भारतात आणणारी पाच दिवसांची लढाई मी पटकन उरकतो, कारण ती तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे चौधरींची मुख्य फौज सोलापूरकडून निघाली. तिच्या तुकड्यांची नावं स्ट्राइक, स्मॅश, किल आणि वीर अशी होती. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला. आपल्या बाजूला, म्हणजे वायव्येकडून, मेजर जनरल ब्रार यांच्या तुकड्या आल्या आणि १४ तारखेला औरंगाबादने शरणागती दिली. १७ ला निजामाने युद्धबंदी जाहीर केली, १८ ला त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी हैदराबादजवळ चौधरींपुढे शस्त्रं ठेवली. परीक्षेला बसणार असाल तर या शेवटच्या दोन तारखा नीट वेगळ्या ठेवा, मुलं तिथेच घोळ घालतात. आणखी एक: या सगळ्यावर देखरेख होती ती दक्षिण कमांडचे प्रमुख राजेंद्रसिंहजी यांची. तेही घोडदळाचेच, दुसऱ्या लान्सर्सचे, आणि वाळवंटातल्या लढाईसाठी डीएसओ हे लष्करी पदक मिळवलेले.

नाशिक जिल्ह्याला हे प्रकरण परकं नव्हतं. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसची सरहद्दीबाहेरून जी केंद्रं चालत, त्यात आपलं मनमाड होतं. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटर गेज ही निजामाचीच रेल्वे. येवल्याच्या पुढे वैजापूर तालुका लागला की राज्य बदलायचं: करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात, रुपया हाली, म्हणजे निजामाचा स्वतःचा, कागद उर्दूत. आपल्याकडचे शंभर कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये म्हणजे तिकडचे साधारण एकशे साडेसोळा हाली. माझ्या आईचं माहेर वैजापूर तालुक्यातलं. ४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या धास्तीने तिचे आईवडील तिला घेऊन येवल्याला नातेवाइकांकडे येऊन राहिले होते. ती सांगायची, ‘अॅक्शन’ (पोलीस अॅक्शन, म्हणजे हीच मोहीम) झाली आणि दिवाळीच्या आत आम्ही परत गेलो, पण नाका तिथेच होता आणि शिपाईही तोच होता, फक्त त्याच्या टोपीवरचं चिन्ह बदललं होतं. टोपीचं खरं किती आणि आईच्या सांगण्यातलं किती, देव जाणे. पण लढाई संपली म्हणून राज्य बदलत नाही, हे तिने बरोबर टिपलं होतं.

१८ सप्टेंबर १९४८ पासून १९४९ च्या अखेरीपर्यंत चौधरी हैदराबादचे लष्करी गव्हर्नर होते, आणि माझ्या मते त्यांचं खरं काम या सव्वा वर्षात आहे. कामाचा आवाका बघा: तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कानडी तीन असे सोळा जिल्हे, मोडलेलं मंत्रिमंडळ, उर्दूत चालणारी कचेरी, बरखास्त करायची फौज, रझाकार, आणि तेलंगणात जमीनदारांविरुद्ध बंदुका घेऊन उभे राहिलेले कम्युनिस्ट.

यात सगळ्यात हुशारीची गोष्ट कागदावर झाली. निजामाला हटवलं नाही. १९ सप्टेंबरला त्याच्याच सहीचं फर्मान निघालं की राज्याचा सगळा कारभार आता लष्करी गव्हर्नरच्या हाती आहे, आणि अधिकाऱ्यांनी-प्रजेने त्याचे हुकूम पाळावेत. म्हणजे चौधरींचा प्रत्येक आदेश कायद्याच्या भाषेत निजामाच्याच अधिकारातून निघत होता. पुढे शंका निघाली की कारभार म्हणजे कायदे करण्याचाही अधिकार का? तर ७ ऑगस्ट १९४९ ला दुसरं फर्मान आलं: होय, तोही आणि सुरुवातीपासूनच. ज्याने आयुष्यभर टिपणी, आदेश आणि पोचपावत्या पाहिल्या, त्याला याची किंमत लगेच कळते. त्या फर्मानांखाली केलेला जहागिरींचा कायदा एका जहागीरदाराने थेट सर्वोच्च न्यायालयात नेला; लष्करी गव्हर्नरला असा कायदा करताच येत नव्हता, असं त्याचं म्हणणं. १९६० मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. पाया पक्का घातला होता म्हणून इमारत उभी राहिली.

तो जहागिरींचा कायदा म्हणजे चौधरींच्या कारभाराचं सगळ्यात मोठं काम. १५ ऑगस्ट १९४९ पासून लागू झाला. नाव मात्र ‘१३५८ फसली’चा विनियम, कारण कचेरीचं वर्ष अजून फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेचं होतं. हैदराबाद राज्याचा जवळपास तिसरा हिस्सा जहागिरींत होता. तिथे शेतसारा जहागीरदाराकडे जाई आणि मोठ्या जहागिरींत तर पोलीस आणि न्यायही त्याचाच. एका विनियमाने हे सगळं सरकारकडे आलं, जहागीर प्रशासक नेमला गेला, जहागीरदारांना तात्पुरता निर्वाहभत्ता आणि पुढे ठरावीक काळ भरपाई ठरली. त्याआधी फेब्रुवारी १९४९ मध्ये निजामाची स्वतःची खासगी जमीन, सर्फ-ए-खास, दिवाणीत, म्हणजे सरकारी मुलखात, विलीन झाली होती. त्याबदल्यात निजामाला वर्षाला २५ लाख मिळू लागले. मुंबई प्रांतात इनाम, वतन संपवणारे मोठे कायदे अजून व्हायचे होते, तेव्हा पलीकडे एका सेनाधिकाऱ्याने जहागिरी एका सहीने संपवल्या. लोकशाहीत वाढलेल्या मला हे कौतुकाने सांगताना जरा अवघडल्यासारखं होतं, पण आईच्या गावच्या कुळांना त्याचं अवघडलेपण अजिबात नव्हतं.

हे एकट्या फौजी माणसाचं डोकं होतं असं समजू नका. मुलकी कारभाराचे मुख्य प्रशासक होते डी. एस. बखले, मुंबई प्रांतातले आयसीएस. जिल्ह्याजिल्ह्यांत मुंबई, मध्य प्रांत आणि मद्रासहून अधिकारी आणून बसवले गेले. चौधरींचं कसब यात दिसतं की जे आपल्याला येत नाही ते ज्याला येतं त्याच्याकडे सोपवलं आणि वरून जोर लावला. फौजेत अशा माणसाला चांगला कमांडर म्हणतात. मुलकी खात्यात असा साहेब नशिबाने मिळतो. पण या बाहेरच्या अधिकाऱ्यांचं बिल नंतर आलं. स्थानिक भाषा, स्थानिक नोंदी आणि स्थानिक माणसं यांच्याशी त्यांची नाळ जुळली नाही, नोकऱ्या बाहेरचे घेतात ही भावना वाढत गेली, आणि १९५२ मध्ये हैदराबादेत मुलकी (इथे अर्थ स्थानिक रहिवासी) आंदोलन पेटून गोळीबारापर्यंत गेलं. तेव्हा चौधरी तिथे नव्हते, पण त्याचं बी त्यांच्याच काळात पडलं होतं.

आता जे भाषणांत येत नाही ते. शरणागतीच्या आगेमागे मुसलमान वस्त्यांवर भयंकर हल्ले झाले, आणि सगळ्यात जास्त आपल्या मराठवाड्यात आणि लागून असलेल्या भागात: उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा. लातूर गावात कत्तल कित्येक दिवस चालली. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचं पथक १९४८ च्या अखेरीस जिल्ह्यांत फिरलं. त्यांचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही लुटीत आणि त्याहून वाईट कृत्यांत सामील होते, असं त्यांनी लिहिलं. तो अहवाल दडपला गेला आणि सर्वसामान्यांना तो वाचायला मिळाला तो २०१३ च्या सुमारास. रझाकारांनी आधी केलेले अत्याचार खरे आहेत, माझं आजोळ त्यामुळेच येवल्याला पळालं. पण एकाचा हिशेब दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाही. चौधरी स्वतः जातीयवादी होते असं म्हणायला काही आधार दिसत नाही. तरीही त्या पहिल्या आठवड्यांत खेड्यापाड्यांत जे झालं त्या काळात राज्याची जबाबदारी त्यांची होती, आणि रणगाडे रस्त्याने पुढे निघून गेल्यावर मागच्या गावांचं काय, याची तयारी कुणीच केलेली नव्हती. कारभारी म्हणून त्यांच्या नावावरची ही सगळ्यात मोठी बाकी.

तेलंगणाचा भाग मी जास्त ओढत नाही. निजामाविरुद्ध लढणारे कम्युनिस्ट भारत सरकार आल्यावरही शस्त्रं ठेवायला तयार झाले नाहीत. चौधरींनी त्यांच्यावर सैन्य घातलं, पण ते प्रकरण त्यांच्या कारकिर्दीत संपलं नाही, १९५१ च्या ऑक्टोबरात संपलं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याला मात्र शरणागतीनंतर लगेच पकडलं होतं. १९४९ च्या नोव्हेंबरात निजामाने भारताची राज्यघटना मान्य केली, २६ जानेवारी १९५० ला तो राजप्रमुख, म्हणजे राज्याचा नामधारी प्रमुख झाला, आणि वेल्लोडी या मुलकी अधिकाऱ्याकडे मुख्यमंत्रिपद गेलं. चौधरी सैन्यात परतले. ज्याच्या हातात असं राज्य आलं त्याने ते सांगितल्या वेळी खाली ठेवलं, आणि आपल्याकडे कुणाला याचं नवलही वाटलं नाही. शेजारच्या देशांचा इतिहास वाचलात की नवल वाटेल.

पुढची कारकीर्द मोठी आहे, मी फक्त आपल्याशी जुळणारे धागे घेतो. १९५९ पासून ते पुण्याला दक्षिण कमांडचे प्रमुख होते, आणि डिसेंबर १९६१ ची गोवा मोहीम त्यांच्याच कमांडने केली. तिथेही लष्करी गव्हर्नर नेमला गेला, मेजर जनरल कँडेथ, तोफखान्याचे, म्हणजे तोफखान्याचं केंद्र असलेल्या आमच्या देवळालीच्या बिरादरीतले. या वेळी मात्र लष्करी कारभार सहाएक महिन्यांत आटोपला. हैदराबादवरून कुणीतरी काहीतरी शिकलं असावं.

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनकडून मार खाल्ल्यावर जनरल थापर गेले आणि चौधरी सेनाप्रमुख झाले. त्याच आठवड्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि १९६३ मध्ये ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले ते आपल्या नाशिकमधून. म्हणजे ६५ च्या युद्धात सेनाप्रमुख चौधरी आणि संरक्षणमंत्री नाशिकचे खासदार, अशी जोडी होती. यशवंतरावांनी त्या दिवसांत डायरी ठेवली होती. तीत एका कठीण दिवशी सेनाप्रमुख काहीसे अनिश्चित वाटले आणि आपण त्यांना पुढच्या भागात जाऊन यायला सुचवलं, अशी नोंद आहे. पश्चिम कमांडचे हरबक्ष सिंग यांनी तर नंतर लिहिलं की चौधरींनी बियास नदीपर्यंत मागे यायला सांगितलं होतं आणि आपण ते मानलं नाही. यावर वाद आहेत. मला इतकं वाटतं की सगळं जमवून, तोलून मग पाऊल टाकणाऱ्या माणसाला सव्वा वर्षाचा कारभार जितका मानवला, तितकं तासातासाला पालटणारं युद्ध मानवलं नाही. १९६६ च्या जूनमध्ये ते निवृत्त झाले, पद्मविभूषण मिळालं, कॅनडात उच्चायुक्त म्हणून गेले, आणि १९८३ च्या एप्रिलमध्ये वारले.

त्याच ६५ च्या युद्धात पूना हॉर्सचे कर्नल तारापोर पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण ते मुळात हैदराबादच्या फौजेतले, निजामाच्या लान्सर्समधले अधिकारी. ज्या फौजेने चौधरींपुढे शस्त्रं ठेवली, तिच्यातून ते भारतीय सैन्यात आले आणि सतरा वर्षांनी चौधरींच्याच सेनेत लढताना गेले. हैदराबादची फौज बरखास्त करताना कामाची माणसं निवडून घेतली गेली, त्याचा याहून चांगला दाखला मला सापडला नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, पाहायचं काय. नाशिक शहरात चौधरींचं असं काही नाही. घोडदळाचा माणूस रणगाड्यात कसा शिरला हे डोळ्यांनी बघायचं असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठा. शिर्डी-राहुरीकडून सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी येता. जुन्या रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून ६५ च्या पॅटन रणगाड्यापर्यंत सगळं उघड्यावर मांडलेलं आहे, त्यामुळे ऊन टाळा. नळदुर्गसाठी मात्र मुक्काम हवा, सोलापूरला उतरा. लढाईच्या खुणा शोधायला जाल तर हात हलवत याल. पण बोरी नदीवरचा किल्ल्यातला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल बघितलात की सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्याला हा किल्ला टाळता का येत नव्हता ते तिथे उभं राहून समजतं. पाऊस चांगला झाला असेल तर सप्टेंबरात नर-मादी धबधबाही चालू असतो. रविवारी गर्दी फार, दुसरा वार निवडा.